थाळी, सुई आणि सुजाताची पट्टी

आळंदच्या बसस्टँडसमोर माझं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान गेलं, पण खोड गेली नाही. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो आणि पंखा कुरकुरत असला, की माझी मान आपोआप वर जाते. बायको कोपरानं ढोसते आणि म्हणते, "जेवायला आलाव का दुरुस्तीला?"

आता रेकॉर्डचं खूळ पुन्हा आलंय म्हणतात. पुण्याहून भाच्याच्या पोराचा फोन येतो, "आजोबा, बेल्टची मशीन घेऊ का डायरेक्ट ड्राइव्हची?" मला हसू येतं आणि बरंही वाटतं. ज्या प्रश्नावर मी निम्मं आयुष्य काढलं तो प्रश्न पुन्हा जिवंत झाला म्हटल्यावर म्हाताऱ्याला बरं वाटणारच. तेव्हा त्या पोराला जे सांगितलं तेच आधी इथं सांगतो.

रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचं काम एकच. थाळी ठरल्या वेगानं फिरत ठेवायची. थाळी जरा मंदावली की गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा होतो, जरा पळाली की बाप्याचा बाईसारखा. डगमगली तर सनईवाला रडायला लागल्यासारखा वाटतो. ही थाळी फिरवायच्या तीन तऱ्हा. जुन्या मशिनींना आम्ही पेट्या म्हणायचो; त्यांत मोटार जोरात फिरते, तिचा दांडा एका रबरी चाकाला घासतो आणि ते चाक थाळीला आतून रेटतं. दुसऱ्या तऱ्हेत चाकाच्या जागी रबरी पट्टा. तिसरी डायरेक्ट. तिच्यात चाक नाही, पट्टा नाही. मोटार थाळीच्या पोटातच असते आणि थाळीच्याच वेगानं सावकाश फिरते. पिठाच्या गिरणीत इंजिनापासून दगडापर्यंत पट्टा असतो, तो घसरला की पीठ जाडं येतं. घरच्या जात्याला पट्टा नसतो, खुंटा धरला की जातं फिरतं. डायरेक्ट म्हणजे घरचं जातं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आमच्याकडं उन्हाळ्यात पट्टे चिकट व्हायचे आणि हिवाळ्यात चाकं कडक. पट्टा तुटला तर नवा कुठून आणणार? सायकलच्या ट्यूबची वादी कापून बसवायची, नाहीतर शिंप्याचं इलास्टिक. इलास्टिकवर गाणं असं हेलकावे खायचं की बैलगाडीत बसून ऐकल्यासारखं वाटावं. म्हणून आखातात गेलेली आमच्या भागातली पोरं सुट्टीवर येताना डायरेक्ट मशीन आणायला लागली, तेव्हा मी पहिली मशीन दुकानात उघडून नुसती बघत बसलो होतो. आत बिघडायला काही नव्हतंच. आता पोट कशावर भरायचं, हा विचार त्यानंतर आला.

पण मशीन चांगली म्हणून गाणं चांगलं वाजतं असं नाही. हे मला हैदराबादच्या उस्तादांनी शिकवलं. मी मादन हिप्परग्याच्या धनगराचा पोरगा, मेंढरं सोडून त्यांच्या दुकानात शिकायला राहिलो. त्यांचं एक वाक्य कायमचं कानात बसलंय: "पहले सुई देखो मियाँ, मशीन को गाली बाद में देव." गिऱ्हाईक आवाज सुधारून घ्यायला आलं की मी तोच क्रम सांगायचो. आधी सुई बदला. मग मशीन सपाट आणि जड जागेवर ठेवा. मग सुईच्या हाताचा तोल बघा, मागचं वजन फिरवून सराफाच्या तराजूसारखा. एवढं करूनही थाळी डगमगत असेल तर नवी मशीन घ्या. आणि घेताना दिवे बघू नका, सनईचा लांब सूर लावून डोळे मिटून ऐका. सूर हलला तर पैसे परत खिशात.

हे सांगितलेलं ऐकतो कोण! नौबादचे एक कंत्राटदार होते, त्यांनी सगळ्यात जास्त दिवे लुकलुकणारी मशीन निवडली आणि मागची व्होल्टेजची कळ न बघता प्लग खुपसला. ती एकशेदहावर ठेवलेली. धूर निघाल्यावर मला म्हणाले, "बिरूअण्णा, उद्घाटन झालं." माणूस मोठ्या मनाचा होता, हे कबूल केलं पाहिजे.

गाणगापूरचे एक पुजारी लॉजही चालवायचे. पुण्याच्या एका भक्तानं त्यांना डायरेक्ट मशीन अर्पण केली होती. मला बोलावणं आलं, आरती मध्येच उड्या मारते म्हणून. जाऊन बघतो तर मशीन लाकडी जिन्याखालच्या फळीवर. यात्रेकरू वर चढला की सुई एक कडवं पुढं, उतरला की एक कडवं मागं. त्यावर उपाय म्हणून पुजारीबुवांनी सुईच्या हातावर चार आण्यांची एक पावली ठेवलेली, तिनं भागेना म्हणून दुसरी. रेकॉर्डवर काजळीसारखी काळी भुकटी साचली होती.

मी म्हणालो, "बुवा, ही पावली नांगर झालीय. रेकॉर्ड नांगरून निघालीय सगळी."

"अहो, दत्ताच्या पायाशी ठेवून आणलेली पावली आहे ती. तिनं वाईट कसं होईल?"

देवाच्या पावलीपुढं माझं काय चालणार? मी फळी काढली, खाली ज्वारीचं अर्धं पोतं आडवं घातलं, वर शहाबादी फरशी आणि फरशीवर मशीन. पोतं धक्का पिऊन टाकतं. मग वाटेल तेवढे यात्रेकरू चढोत. पावली मात्र बुवांनी काढून मशीनच्या शेजारी ठेवली, हळदकुंकू लावून. आरती सुधारली ती तिच्यामुळंच, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

हे सगळे गमतीचे मामले. पण ज्या एका कामासाठी मी हे लिहायला बसलो ते गमतीचं नव्हतं, आणि ते समजायला आमच्या धंद्यातली एक रीत आधी सांगायला हवी.

खेड्यात तेव्हा संध्याकाळी वीज इतकी मंद यायची की बल्बची नुसती तार लाल दिसावी. चाकाच्या पेट्यांची मोटार त्या विजेवर पेंगायची आणि लग्नाच्या मांडवात गाणी रेंगाळायची. मग आम्ही मिस्त्री मोटारीच्या दांड्याला कापडी चिकटपट्टीचा एखादा वेढा मारायचो. दांडा जाड झाला की चाक जोरात फिरतं, गाणं ताळ्यावर येतं. याला आम्ही मोटारीला फेटा बांधणं म्हणायचो. बिदर ते गुलबर्गा सगळे मिस्त्री बांधायचे. लाऊडस्पीकरवाल्याचं काम संध्याकाळचंच, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आमच्याच गावचे दशरथकाका एका दुपारी भाड्याच्या जीपमधून उतरले. बरोबर दोन मशिनी आणि मुलगी सुजाता. काकांची दोन एकर कोरडवाहू आणि पोरांना शिकवायची जिद्द. बौद्ध घरांत आमच्या गावात पहिली शिक्षिका झाली ती ही सुजाता. शाळेत कन्नड शिकवायची, घरी मराठी बोलायची आणि दोन्हीत गायची. जयंतीच्या मांडवात ती बुद्धवंदना म्हणायला उभी राहिली की गोंगाट करणारी पोरंसुद्धा गप्प होत. काकांना तिचा केवढा अभिमान, पण तोंडानं कधी सांगायचे नाहीत. "म्हणती आपली काही तरी," एवढंच.

तिला कुणी गुरू नव्हता. गुलबर्ग्याच्या बाजारातून घेतलेली चाकाची जुनी पेटी हाच गुरू. रोज पहाटे शाळेच्या आधी ती रेकॉर्डबरोबर गायची. मग तिनं रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली, भावगीतासाठी. वरच्या सुरावर गळा फाटला आणि परीक्षकांनी मध्येच थांबवलं. आता दुसऱ्यांदा बोलावणं आलं होतं, महिन्यावर. तिनं घरात सांगून टाकलं होतं की या वेळी नाही झालं तर गाणं बंद. नुसती परीक्षा नाही, गाणंच बंद. काकांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसत होतं.

आखातातल्या मुलानं बहिणीसाठी डायरेक्ट मशीन पाठवली होती. ती काकांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"बिरूअण्णा, ही बिघडल्याली आलीय. लई मंद पळायली."

सुजाता म्हणाली, "अण्णा, जुन्या पेटीवर गाणं असं सरळ उभं ऱ्हातंय. हिच्यावर बसल्यासारखं वाटायलंय. परीक्षा तोंडावर आलीय. हिला जुनीसारखी करून द्या."

मी नवी मशीन लावली. थाळीच्या कडेला ठिपक्यांची रांग असते आणि शेजारी छोटा लाल दिवा. वेग बरोबर असला की फिरत्या थाळीवरचे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. ठिपके उभे होते, देवळातल्या खांबांसारखे.

"अक्का, ही बरोबर हाय," मी म्हणालो. "जुनीच पळत असंल."

"चार वर्षं वाजवायलाव आमी ती," काका तुटकपणे म्हणाले. "चार वर्षं बरोबर हुती, आन आज चुकली व्हय? तुमचे ठिपके काय मोजमाप हाय का?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेतकरी माणूस मापावर विश्वास ठेवतो, दिव्यावर नाही. मग मी त्यांना माप दिलं. मोठी रेकॉर्ड तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या फिरायला पाहिजे, ही कंपनीची शपथ. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला. घड्याळ मी धरलं आणि मोजायचं काम काकांनाच दिलं, नाहीतर म्हणाले असते की मिस्त्रीनं लबाडी केली. नव्या मशीनपुढं काका खाली वाकून मोठ्यानं मोजत होते, रास मोजून घेतल्यासारखे. शंभर म्हणाले आणि मी हात वर केला.

मग जुनी पेटी. शंभर झाले तरी घड्याळ संपेना. काकांचा आवाज बारीक होत गेला. एकशेसहावर तीन मिनिटं भरली आणि मी थांबवलं.

पेटी उघडली. मोटारीच्या दांड्याला फेटा होता. कुठल्या तरी मिस्त्रीनं रीतीप्रमाणं बांधलेला, संध्याकाळच्या विजेसाठी. पण ही पोरगी पहाटे गात होती. पहाटे गाव झोपलेलं, पिठाची गिरणी बंद, पंप बंद, वीज तारेत भरभरून. फेटा बांधलेली मोटार तेव्हा उधळत होती, आणि रेकॉर्डमधली गायिका आपल्या खऱ्या आवाजापेक्षा एक अख्खी पट्टी वर गात होती. पट्टी म्हणजे गाण्याचा पाया कुठल्या सुरावर धरायचा ते, हार्मोनियमची एक कळ. सुजाता चार वर्षं त्या वरच्या कळीला लोंबकळत होती. परीक्षेतही तिनं वादकाला तीच कळ सांगितली होती.

मला वाटलं, हे ऐकून ती खूश होईल. दोष गळ्यात नव्हता म्हटल्यावर कुणीही होईल. तिचा चेहरा मात्र लाल झाला.

"म्हणजे चार वर्षं मी कुणाच्या मागं पळायले हुते, अण्णा? तिच्या बी न्हाई. जगात नसलेल्या बाईच्या मागं."

मी नव्या मशीनवर तिनं बरोबर आणलेली परीक्षेच्या गाण्याची रेकॉर्ड लावली आणि म्हणालो, "आता म्हणा अक्का. आता ती खरी बाई हाय."

ती उभी राहून गायली. दुकानात सोल्डरचा वास, बाहेर गाड्यांचे हॉर्न. पहिल्या ओळीतच फरक कळला, गळ्यावरचा ताण सैल झाला होता. काकांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मीही मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. मशीन बरोबर, वेग बरोबर, निदान बरोबर. मिस्त्रीला आणखी काय पाहिजे?

अंतऱ्यात वरचा सूर आला आणि आवाज पुन्हा बारीक झाला. फाटला नाही, पण दारातून अंग चोरून जावं तसा निसटला. तिनं सुई उचलली.

"ही कळ कशाची, अण्णा?"

डायरेक्ट मशीनच्या उजव्या अंगाला एक सरकती कळ असते. खाली-वर केली की वेग थोडा कमीजास्त होतो. मी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला मधल्या खाचेत ठेवायला सांगायचो आणि हात लावू नका म्हणायचो. माझ्या मते मशीनमध्ये घालायला नको होती अशी ती एकच चीज.

"तिला हात लावू नका. वेग बिघडतोय."

तिनं लावला. कळ थोडी खाली सरकवली, सुई ठेवली, गायली. अजून थोडी. पुन्हा पहिल्यापासून. ठिपके चालू लागले, माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक चालू लागले. आयुष्यभर ठिपके उभे करायचं काम केलेल्या माणसाला चालते ठिपके बघवत नाहीत.

"अक्का, चुकतंय. ही त्या रेकॉर्डची पट्टी न्हाई."

ती गातच राहिली. वरचा सूर आला. या वेळी तो निसटला नाही, तुटला नाही. भरलेल्या घागरीसारखा वर आला आणि तिथंच राहिला. बाहेर चहावाल्याच्या टपरीवरची माणसं मान वळवून आत बघायला लागली. रेकॉर्डमधली बाई जाड आवाजात, बाप्यासारखी गात होती, आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

गाणं संपल्यावर सुजाता म्हणाली, "मशीनला चुकीची असंल अण्णा. मला बरोबर हाय."

मी काकांकडं बघितलं, म्हटलं निदान हा माणूस माझ्या बाजूनं बोलेल, आत्ताच शंभर मोजलेत त्यानं. काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बिरूअण्णा, ऱ्हाऊ द्या तिथंच. हालवू नगा."

मी पांढरा रंग घेतला आणि कळीच्या शेजारी, जिथं ती थांबली होती तिथं, पातळ रेघ ओढली. दुरुस्त करायला आलेली मशीन मी चुकीच्या वेगावर खूण करून परत दिली. उस्ताद असते तर कान पिरगाळला असता. पण उस्तादांना सूर कळायचा, तेव्हा नसताही पिरगाळला.

महिनाभर ती त्या रेघेवर गायली. मग तिनं जुन्या हार्मोनियमवर ती कळ शोधून घेतली आणि मशीन बंद केली. नुसत्या हार्मोनियमवर गायला लागली, असं काका एकदा बाजाराच्या दिवशी सांगून गेले. मला जरा टोचलंच. एवढी देखणी मशीन, आणि तिच्यावर विणलेलं फडकं घालून कपाटावर ठेवली! परीक्षेत पास झाल्याचं सांगायलाही काकाच आले. खारीक-खोबरं घेऊन आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "झाली म्हणं एकदाची."

रेडिओवर तिचं पहिलं गाणं लागायचं त्या दिवशी घरच्या रेडिओवर भरवसा नको म्हणून काका माझ्याच दुकानात येऊन बसले. सुजाता शाळेत होती, सुट्टी मिळाली नव्हती. मी दुकानातला सगळ्यात मोठा रेडिओ बाहेरच्या काउंटरवर मांडला. निवेदकानं कन्नडमधून काही सांगितलं, तेवढ्यात एक ट्रक गेला आणि नाव कुणालाच ऐकू आलं नाही. मग गाणं सुरू झालं. काका गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत बसले होते. मी हातातलं काम खाली ठेवलं. वरचा सूर आला, भरून आला आणि गेला.

सुई घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, अफझलपूरचं, माणूस चांगला कानसेन. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. संपल्यावर म्हणाला, "अण्णा, ही रेकॉर्ड कुठं मिळंल? किती बी लागू द्या, मला पायजे."

मी तोंड उघडायच्या आत काका उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मोठ्यानं बोलताना मी फक्त शंभर मोजताना ऐकलं होतं.

"मिळायची न्हाई," ते म्हणाले. "ती रेकॉर्ड न्हाई. माझी लेक हाय."